प्लेगच्या जंतूची ओळख



पायात काटा मोडला आणि तो पिकला, की दोनतीन दिवसांत जांघेत गाठ येते. आपल्याकडे त्याला अवधाण आले असे म्हणतात. घरातली म्हातारी माणसे शेक देतात, पायाची जखम बरी झाली की गाठही आपोआप बसते. त्यात घाबरण्यासारखे कोणी काही मानीत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखावर अशी एक वेळ आली होती की, जांघेत किंवा काखेत गाठ लागली एवढ्यावरून माणसाला घरातून उचलून इस्पितळात नेत, त्याचे अंथरूण-पांघरूण जाळीत, आणि घरच्या मंडळींना वेगळ्या छावणीत नेऊन ठेवीत. कारण तशीच गाठ प्लेगच्या रोग्यालाही येत असे. जुन्या मराठी लिखाणात या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हटले आहे, ते या गाठीवरूनच.

आता विचार करा. एक गाठ काट्याची, एक गाठ प्लेगची. एक चार दिवसांत बसणारी, दुसरी चार दिवसांत जीव घेणारी. फणफणून ताप, गुंगी, अडखळती जीभ यांवरून अनुभवी डॉक्टरला दाट संशय येई, हे खरे. पण संशय वेगळा आणि खात्री वेगळी. ही खात्री कशी करावी, गाठीच्या आत बसलेला जो डोळ्यांना न दिसणारा जंतू, त्याला नेमके कसे ओळखावे, हे माणसाला ज्या दोनतीन वर्षांत कळले, त्यांची हकीकत आज सांगायची आहे. ती सुरू होते हाँगकाँगला आणि येते मुंबईला.

प्रथम त्या काळी विद्या कुठवर आली होती ते पाहू. सूक्ष्मदर्शकातून जंतू दिसतात, हे लोकांना पुष्कळ आधीपासून माहीत होते. पण दिसणे आणि ओळखणे यांत फार अंतर आहे. बाजारात हरवलेला बैल आपण कसा ओळखतो? पांढरा आहे एवढ्यावर नाही. पांढरे बैल शंभर असतात. शिंगांची ठेवण, कानावरची खूण, चाल, आणि हाक मारल्यावर मान वळवतो की नाही, असे सगळे जुळले म्हणजे आपण म्हणतो, हा माझा. जंतूंचेही तसेच आहे. कित्येक जंतू नुसते गोल ठिपके, कित्येक नुसत्या बारीक काड्या. केवळ आकारावरून नाव सांगणे म्हणजे अंदाजपंचे कारभार.

जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी या कामाला शिस्त लावली. १८८२ साली त्यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला, आणि पुढच्याच वर्षी पटकीचा जंतू शोधण्यासाठी ते आधी इजिप्तला व नंतर कलकत्त्याला आले. पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा किंचित वाकडा असतो. कॉख यांनी हे जाहीर करताच हिंदुस्थानात पुष्कळ वर्षे काम केलेले टिमथी लुइस नावाचे इंग्रज डॉक्टर म्हणाले, असले वाकडे जंतू तर निरोगी माणसाच्या थुंकीतही सापडतात! आणि ते खोटे बोलत नव्हते, सापडतातच. मग कॉख यांचे म्हणणे टिकले कसे? त्यांनी नुसता आकार पुढे केला नव्हता. त्यांचा जंतू जिलेटिनच्या थरावर वाढवला की भोवतालचे जिलेटिन एका विशिष्ट रीतीने पातळ करतो, ही दुसरी खूण त्यांनी दिली होती. थुंकीतले वाकडे जंतू असे वागत नव्हते. आकार सारखा, पण वागणूक वेगळी. तेव्हा जंतूची जात त्याच्या वागणुकीतून कळते, हा पहिला धडा मिळाला.

दुसरा धडा शुद्ध वाढीचा. शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. पण हंडीत नुसता भात असेल तर! हंडीत चार धान्यांची खिचडी असली तर एका शितावरून काय कळणार? रोग्याच्या शरीरातून काढलेला थेंब म्हणजे पुष्कळदा अशी खिचडीच असते. तो थेंब पातळ रसात टाकला तर सगळे जंतू एकमेकांत मिसळून वाढतात. कॉख यांनी यावर तोड काढली ती शेतकऱ्याला सहज पटेल. मूठभर मिश्र बियाणे एकाच खड्ड्यात ओतले तर काय उगवले ते कळत नाही. तेच वाफ्यात विरळ टोकले, तर प्रत्येक रोप वेगळे उभे राहते. म्हणून त्यांनी जंतू घट्ट पृष्ठभागावर विरळ पसरले. आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापावर, मग जिलेटिनवर. पण जिलेटिन उबेला विरघळते. त्यावर उपाय सुचवला तो एका गृहिणीने. कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे स्वयंपाकात अगर वापरीत. अगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला गोठणारा पदार्थ. तो अंगाच्या उबेला विरघळत नाही. आजही जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत जंतू वाढतात ते या अगरावरच.

तिसरी खूण रंगाची. १८८४ साली डेन्मार्कचे डॉक्टर हान्स ख्रिश्चन ग्राम बर्लिनमध्ये न्युमोनियाने दगावलेल्या माणसांची फुप्फुसे तपासीत होते. जंतू नीट दिसावेत म्हणून त्यांनी त्यांना जांभळा रंग दिला, वर आयोडिनचे पाणी घातले, आणि मग मद्यार्काने धुतले. काही जातींनी जांभळा रंग घट्ट धरून ठेवला, काहींनी तो सोडून दिला. पुढच्या संशोधकांनी, रंग सोडणाऱ्यांना शेवटी तांबडा रंग देण्याची रीत घातली. त्यामुळे एक गट जांभळा दिसतो, दुसरा गुलाबी. जंतूंच्या बाहेरच्या आवरणाची घडण दोन प्रकारची असते म्हणून हे होते, असे पुढे कळले. साधीच युक्ती, पण तिने जंतूंच्या जगाचे सरळ दोन तट पाडले. शिक्षक बंधुभगिनींनी ही खूण ध्यानात ठेवावी, कारण पुढल्या गोष्टीत हाच जांभळा रंग साक्षीदार म्हणून येणार आहे.

आता हाँगकाँगला जाऊ. १८९४ च्या उन्हाळ्यात तेथे प्लेग भडकला. जूनच्या १२ तारखेस जपानहून शिबासाबुरो कितासातो आपले पथक घेऊन उतरले. हे कितासातो म्हणजे कॉख यांचे पट्टशिष्य. धनुर्वाताचा जंतू शुद्ध रूपात पहिल्यांदा वाढवला तो यांनीच, १८८९ साली. त्यांची कीर्ती मोठी, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना इस्पितळात जागा दिली, प्रेते तपासण्याची परवानगी दिली, लागेल ती मदत दिली. १४ जूनला, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, त्यांना प्रेताच्या तपासणीत जंतू दिसला.

दुसरे गृहस्थ अलेक्झांडर येर्सिन. जन्माने स्विस, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेले, आणि त्या वेळी इंडोचायनात फ्रेंच सरकारच्या नोकरीत. ते १५ जूनला पोहोचले, सोबत सामान बेताचेच. इस्पितळात त्यांना प्रेते मिळेनात. त्यांनी इस्पितळाच्या आवारात एक गवताने शाकारलेली खोपटी उभारली आणि तीच आपली प्रयोगशाळा केली. प्रेते पुरण्याच्या कामावर जे इंग्रज खलाशी होते, त्यांच्या हातावर थोडे पैसे ठेवून येर्सिन यांनी मेलेल्या रोग्यांच्या गाठीतला अंश मिळवला. २० जूनला त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तो आखूड, टोकांना गोलसर अशा काड्यांनी ठासून भरलेला! ग्रामच्या रीतीने रंग दिला, तर त्या काड्यांनी जांभळा रंग सोडून दिला. अगरावर पेरल्या, तर पांढुरक्या, अर्धपारदर्शक ठिपक्यांसारखी वाढ आली. उंदीर आणि गिनीपिग यांना टोचल्या, तर ती जनावरे मेली, आणि त्यांच्या गाठीत व रक्तात पुन्हा त्याच काड्या सापडल्या. शिवाय गावात मरून पडलेले उंदीर त्यांनी तपासले, त्यांतही तोच जंतू. खुणांची साखळी पुरी झाली.

आणि कितासातो यांचे काय झाले? त्यांनी जो जंतू वर्णन केला, त्याची हालचाल होते असे त्यांनी लिहिले. प्लेगचा जंतू हलत नाही. ग्रामच्या रंगाविषयी त्यांनी आधी नक्की सांगितले नाही, आणि मागाहून सांगितले ते असे की, तो जांभळा रंग धरतो. येथे साक्ष फुटली. एकच जंतू रंग धरतो आणि सोडतो, असे कसे होईल? पुढच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, कितासातो यांना प्लेगचा जंतू दिसला असावा, पण त्यांच्या वाढीत दुसरा जंतू मिसळला होता, बहुधा न्युमोनियाचा. हा न्युमोनियाचा जंतू जांभळा रंग घट्ट धरतो.

अशी चूक एवढ्या मोठ्या माणसाकडून व्हावी, याचे एक कारण सांगतात ते ऐकण्यासारखे आहे. कितासातो यांनी बराच भर रक्तावर दिला. येर्सिन यांनी गाठीवर. प्लेगचा जंतू गाठीत दाटीने असतो, रक्तात कधी असतो, कधी नसतो. दुसरे म्हणजे कितासातो यांच्याजवळ उबेची पेटी होती. अंगातल्या ऊबेइतकी, म्हणजे ३७ अंशांची ऊब ती कायम राखी. येर्सिन यांच्या खोपटीत असली पेटी नव्हती; त्यांच्या नळ्या हवेच्या उन्हाळी उबेतच राहिल्या. आणि प्लेगचा जंतू चांगला वाढतो तो सुमारे २८ अंशांवर! न्युमोनियाच्या जंतूला मात्र ३७ अंश मानवतात. म्हणजे ज्याच्याकडे साधने होती, त्याच्या साधनानेच परक्या जंतूला हात दिला. यावरून साधने नकोत असे कोणी समजू नये. गंमत ही की, जंतूची शुद्ध वाढ कशी करावी हे ज्यांनी जगाला दाखवले, त्यांनाच एकदा मिश्र वाढीने फसवले. मोठ्या नावाने जंतू ओळखला जात नाही, एवढेच यातून घ्यावे. या जंतूला आज येर्सिनिया पेस्टिस म्हणतात.

हाँगकाँगच्या बंदरातून जहाजे निघत, त्यांत उंदीरही निघत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, माणसे तापाने आणि गाठींनी मरू लागली. हा प्लेग आहे, असे प्रथम स्पष्टपणे बोलले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, मुंबईत मांडवीकडे त्यांचा दवाखाना होता. हे बोलणे सोपे नव्हते. प्लेग म्हटला की बंदर बंद, व्यापार ठप्प; पुष्कळांना हे नाव ऐकायचेच नव्हते. पण केवळ गाठ व ताप यांवर किती दिवस वाद घालणार? जंतू दाखवायला हवा होता.

ऑक्टोबरात सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. हे रशियातले ज्यू शास्त्रज्ञ, पाश्चर संस्थेत काम केलेले, आणि पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. तेथे त्यांनी प्लेगचा जंतू वाढवायला घेतला, आणि तेथेच या जंतूची एक खूण हाती लागली ती थेट आपल्या स्वयंपाकघरातली.

हाफकिन यांनी मांसाच्या रसाने भरलेल्या चंबूत तुपाचे थेंब सोडले. हो, आपले साजूक तूप! ते थेंब रसावर तरंगत राहिले. त्यात प्लेगचा जंतू सोडून चंबू अगदी न हलवता ठेवला, तर काही दिवसांनी तुपाच्या थेंबांखालून बारीक धाग्यांसारखी वाढ खाली लोंबू लागे, जशा वडाच्या पारंब्या. चंबूला जरा धक्का लागला की त्या पारंब्या तुटून तळाशी बसत, आणि थेंबांखाली पुन्हा नव्या फुटत. मिसळलेले परके जंतू असे वाढत नसत. ते रस गढूळ करीत किंवा वर साय धरीत. म्हणजे पारंब्या दिसल्या की समजावे, आत प्लेगचा जंतू आहे. लस करण्यापूर्वी चंबूत दुसरे काही मिसळले नाही ना, हे पाहण्यास ही खूण फार उपयोगी पडली. अशा वाढीला ऊब देऊन, जंतू मारून हाफकिन यांनी लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना ती दिली गेली.

त्या वर्षी जगातले जाणते लोक मुंबईला लोटले. येर्सिन आले, स्वतः कॉखही आले. खोलीत, चंबूत, सूक्ष्मदर्शकाखाली जंतूची ओळख पटत होती. पण खोलीबाहेर काय चालले होते?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारला सर्वाधिकार मिळाले. रेल्वे स्टेशनांवर उतारू खाली उतरवून त्यांच्या काखा, जांघा चाचपू लागले. बायाबापड्यांचीही तीच गत. पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून रोगी हुडकू लागले. गाठ लागली की निकाल! लोकांनी रोगी माळ्यावर, कोठीत लपवले. मेलेल्यांना गुपचूप पुरले, जाळले. त्यामुळे साथ कमी झाली नाही, लपली मात्र. या जाचाचा संताप किती होता हे २२ जून १८९७ च्या रात्री दिसले. पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली.

चंबूत जंतू वाढून खूण पटायला दोनतीन दिवस लागतात, आणि शेकडो रोग्यांची तपासणी करण्याइतक्या प्रयोगशाळा तेव्हा नव्हत्या, हे मान्य केले पाहिजे. रोग्यांना वेगळे ठेवणे हेही चुकीचे नव्हते. चूक झाली ती अशी की, संशयालाच खात्रीचा मान दिला, आणि तो संशयही अपमानाच्या हातांनी घेतला. याच काळात हडपसरजवळच्या माळावर सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवीत होते. सावित्रीबाई स्वतः रोगी आणून पोहोचवीत. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर वाहून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोगी तोच, गाठ तीच. पण एक हात दरडावणारा आणि एक हात उचलून घेणारा. लोक रोगी लपवीत होते ते कोणत्या हातापासून, हे सांगायला नको.

आपले खेडूत मात्र एक खूण सरकारच्या आधी ओळखून होते. घरात उंदीर पडायला लागले की ते गाव सोडून माळावर खोपटी घालून राहत. येर्सिन यांनी उंदरांत जंतू पाहिला होता. १८९८ साली कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरची पिसू हा जंतू वाहते असे दाखवले. बरीच वर्षे मोठमोठ्यांनी ते मानले नाही. पुढे १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कसून प्रयोगांनी ते पक्के ठरले. हीच प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून आपण ओळखतो.

या हाफकिन यांच्याच बाबतीत जंतूच्या ओळखीचा एक खटला उभा राहिला, तो थोडक्यात सांगतो. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने मेली. आकांत झाला. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना कामावरून दूर केले. पण नीट पाहता ती १९ माणसे एकाच बाटलीतून टोचलेली होती. बाकीच्या बाटल्यांनी कोणालाही अपाय झाला नव्हता. त्या बाटलीचे बूच उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीत न तापवता नुसता औषधाच्या पाण्यातून काढून वापरला होता, असे पुढे आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यातही एक खूण महत्त्वाची ठरली. धनुर्वाताचा जंतू बंद बाटलीत दिवसेंदिवस वाढला तर घाण वास मारतो. बाटली उघडताना तसा वास आला नव्हता. म्हणजे जंतू मुंबईहून आला नव्हता. तो गावात, बाटली उघडताना शिरला होता. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ यांनी आवाज उठवला, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षे एका माणसाची अब्रू एका जंतूच्या ओळखीवर टांगली होती.

हा सगळा इतिहास झाला, आता प्लेग कुठे आहे, असे तुम्ही म्हणाल. १८९६ पासून पुढल्या तीनएक दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने नेली, मग तो ओसरला, लोक विसरले. आणि बरोबर शंभर वर्षांनी, १८९४ नंतर १९९४ साली, तो आपल्या दारात पुन्हा उभा राहिला. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर पडले, पिसवांचा उपद्रव झाला, माणसांना गाठी आल्या. सप्टेंबरात सुरतेत न्युमोनियासारख्या आजाराने माणसे दगावू लागली. पन्नासच्या वर माणसे गेली, आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने सुरत सोडून पळाले. परदेशांनी विमाने बंद केली.

त्या वेळी पहिला प्रश्न काय निघाला असेल? शंभर वर्षांपूर्वीचाच: हा प्लेग आहे का? आणि चटकन उत्तर देता येईना. प्लेग पाहिलेले डॉक्टर राहिले नव्हते. पुष्कळ रोग्यांचा नमुना घेण्याआधीच औषध सुरू झाले होते, त्यामुळे जंतू वाढेना. सुरुवातीचे निदान बरेचसे लक्षणांवर आणि रक्ताच्या चाचणीवर उभे होते. कोणी म्हणे प्लेग, कोणी म्हणे दुसराच रोग. जंतू शुद्ध वाढवून त्याच्या साऱ्या खुणा पटवण्याचे काम मागे पडले, तोवर अफवा पुढे धावली. पुढे जंतू हाती आले, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत ते प्लेगचेच असल्याचे दाखवले गेले. पण ती खात्री आली तेव्हा पळालेले लोक केव्हाच घरी परतले होते.

आज प्लेगवर औषधे आहेत, आणि ती वेळेवर दिली तर माणूस वाचतो. म्हणून डॉक्टर तपासणीच्या निकालासाठी थांबत नाहीत, थांबूही नये. पण औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी नमुना घेणे, हे मात्र झालेच पाहिजे. तो एक थेंब मागून येणाऱ्या साऱ्या गावाच्या उपयोगी पडतो. तेव्हा श्रोतेहो, आरोग्य केंद्रात ताई किंवा डॉक्टर रक्त, थुंकी मागतात, तेव्हा कुरकुर करू नका. घरात, गोठ्यात एकाएकी पुष्कळ उंदीर मरून पडले तर त्यांना हात न लावता लगेच कळवा. ही खूण आपल्या पणज्यांना माहीत होती. आणि मास्तर मंडळींनो, शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर मुलांना ताकाचा एक थेंब जरूर दाखवा. मुले म्हणतील, गुरुजी, काड्या दिसल्या! तेव्हा त्यांना एवढेच विचारा: दिसल्या हे ठीक, पण त्या कोणत्या, हे तुम्ही कशावरून सांगाल?